कडेचा गोटा

३ जानेवारी २०२४, गोंडपिपरी

राजुऱ्याहून सामान पोचलं. कपाट एक, गाद्या दोन, भांड्यांची पोती तीन, यांचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याची पेटी, आचलची तीनचाकी सायकल (एक पायडल नाही). टेम्पोचे अठराशे ठरले होते, सोळाशेच दिले. हमाली शून्य, आम्हीच उतरवलं. निघताना माझ्या वडिलांनी, बापूजींनी, आचलच्या हातावर अकरा रुपये ठेवले. तिचं नावही त्यांनीच ठेवलेलं. सहा वर्षांची आहे, पण झाडू तिनेच मारला. पुढच्या खोलीत यांचा फोटो स्टुडिओ, मागे संसार. देवघराला पूर्वेचा कोनाडा मिळाला. आणखी काय पाहिजे?

६ जानेवारी

शेजारच्या ठमाबाई तलावाच्या पाळीवर मातामायच्या दर्शनाला घेऊन गेल्या. मोहाच्या झाडाखाली माय, आणि तिच्यापुढे शेंदूर लावलेल्या गोट्यांची लांब ओळ. नवं बिऱ्हाड आलं की माणसामागे एक गोटा ठेवायचा, अशी इथली रीत. ठमाबाई म्हणाल्या, "माय माणसं नाई मोजत, गोटे मोजते." आम्ही तीन ठेवले. आचलने आपला स्वतः शोधला, पाण्यातला, हिरवट, वांग्याएवढा. ओळीच्या अगदी कडेला तिरकाच बसवला. सरळ करू दिला नाही.

१२ जानेवारी

देवस्थानाच्या मंडळींनी जत्रेसाठी तलावाचा आणि मायच्या ठाण्याचा फोटो सांगितला. घरोघर पूजेला द्यायचा, साठ फ्रेमा. काढला यांनी तासाभरात, पण मग दिवसभर कॉम्प्युटरवर बसले. आभाळ केशरी केलं, पाण्यातल्या प्लास्टिकच्या पन्न्या पुसल्या, विजेचा खांब काढला. देवाचा फोटो, त्यात खोटं कशाला, असं मी म्हटलं. कलाकाराला तेवढी मोकळीक असते, म्हणाले. पाहता पाहता मलाही गोडी लागली. कडेचा तो तिरका गोटा शेणाच्या गोळ्यासारखा दिसत होता. मीच बोट ठेवलं, हा पुसा. हे म्हणाले, आचलचा ना तो? मी म्हटलं, फोटोतच तर पुसायचा, पाळीवरचा कुठी जातो.

नवीन मेमरी कार्ड चारशेला पडतं. मी मूळ फोटो असलेलं जुनंच पुसून वापरायला लावलं.

१६ जानेवारी

साठही फ्रेमा वाटल्या. पुजाऱ्यांनी एकेकीला कुंकू लावून दिल्या. आमच्या फ्रेमेला आचलनेच फूल वाहिलं.

१८ जानेवारी

आचल शाळेतून रडत आली. हजेरीत तिचं नाव घेतलं नाही म्हणे. चुकलं असेल, मी म्हटलं. जेवायला दोनच ताटं वाढली. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, मले?"

मी कशी विसरले?

२० जानेवारी

ठमाबाई आल्या. आचल माझ्या मांडीवर. त्यांनी विचारलं, "लगन होऊन किती साल झाले व पोरी? लेकरू काऊन नाई अजून?" मला थट्टा वाटली. त्या हसत नव्हत्या.

आचलला कडेवर घेऊन पाळीवर धावले. ओळीत आमचे दोनच गोटे. कडेला वांग्याएवढा ओला खळगा. दुसरा गोटा ठेवला तर राहीना, घरंगळून पाण्यात गेला. तीनदा. ठमाबाई मागून आल्या. त्यांना फोटोचं सांगितलं. कोणाचा गोटा, ते त्यांना आठवेना. म्हणाल्या, "कुकू लागलं न फोटोले. साठ घरी पूजा होऊन राह्यली. मायले आता थेच खरं."

हिचा हात सोडायचा नाही. आचल. आचल. आचल.

२२ जानेवारी

अंगणात कोणाची तरी तीनचाकी सायकल, एक पायडल नाही. आधीच्या भाडेकरूची असेल. भंगारात दिली. जमा साठ रुपये.

२३ जानेवारी

हिशेबासाठी मागची पानं उघडली. आचल कोण? अक्षर माझं. मी वहीत खोटं लिहीत नाही. कपाटात एक लहान फ्रॉक, हिरव्या दोऱ्याने शिवलेला. टाका माझाच. यांना विचारलं. थकली आहेस, म्हणाले.

२४ जानेवारी

मूळ फोटो मागितला. कार्ड पुसलेलं. मीच —

आमच्या काचेवर काजळाने गोटा काढला. पण बाकीची एकोणसाठ घरं — आरतीच्या घंटा, एकामागून एक —

२५ जानेवारी

दारोदार फिरले. फ्रेम परत द्या म्हटलं. देव का परत देतात, म्हणतात. वाटेत मागून कोणी पदर धरल्यासारखं — वळले — घरी काचेवरचं काजळ आपोआप पुसलं गेलं आहे —

२७ जानेवारी

पत्राची नक्कल.

तीर्थरूप बापूजींस, सा. न.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या भिंतीवर आमचा दिवाळीचा फोटो आहे. त्यात माणसं किती, बोट ठेवून मोजा. दोनच असली तरी लिहा. पण आमच्या दोघांच्या मधे जागा सुटली आहे का, तेही बघा. माझ्या वहीत मागच्या पानांवर ओळींमध्ये आता मला कोऱ्या जागा दिसतात. मी कागद असा वाया घालवत नाही. तिथे नाव असावं. मुलगी. फ्रॉकवरून पाच-सहा वर्षांची. नाव तुम्हीच ठेवलं होतं, असं इथे लिहिलं आहे. उलट टपाली कळवा, बापूजी, उशीर करू नका, मी फ्रॉक उशाशी घेऊन — हा फ्रॉक कोणाचा —