सुभेदार पृथ्वीवरच राहील

मी, पद्मिनी सरपोतदार, वय चौऱ्याहत्तर, राहणार मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मांडीवर बोका बसला आहे, तेवढंच वजन. पुढच्या महिन्यात माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. त्यानंतर आवाज राहील का, हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून आत्ताच लिहिलेलं बरं.

१. हे टाउनहाउस आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा देवांग याला. बोकाही त्यानेच सांभाळावा. ॲलर्जीची सबब ग्राह्य धरू नये. ती फक्त बोक्याची घाण काढायच्या वेळी उपटते.

२. पुरणयंत्र शैला दामले यांना. ते होळीपासून त्यांच्याकडेच आहे, तेव्हा पोचवायचा त्रास नको. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी माझी कार्टून मालिका मध्येच बंद करून अध्यक्षांचं भाषण लावलं. पुढच्या रांगेतल्या पोरांनी असं भोकाड पसरलं, की भाषण कुणाला ऐकूच गेलं नाही. मला अजून बरं वाटतं.

३. आता खरी मिळकत. जन्मभर दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर तपासून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी नात अनिका, देवांगची मुलगी, यांनी 'मुक्काम मॉरिसव्हिल' ही कार्टून मालिका केली. सुभेदार नावाचा बोका आपली मांजरं घेऊन परग्रहावरून पृथ्वीची पाहणी करायला येतो. आठवड्यात परत जायचं असतं, पण शेजारच्या काकू चिवड्याचा डबा देतात. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मांजरं त्यात आपल्याकडचं काहीबाही घालून पाठवतात, काकू तो लाडवांनी भरून परत देतात, आणि यान परसात गंजत पडतं.

एका कंपनीला ही मालिका हवी आहे. शेवटी मांजरं आपल्या ग्रहावर परत गेली पाहिजेत, ही त्यांची अट. देवांग म्हणाला, "आई, ऑफर मस्त आहे, साइन करून टाक ना. काहीतरी एंडिंग लागतंच!"

'परत कधी जाणार?' हे मला चाळीस वर्षं इथल्यांनी विचारलं आणि तिथल्यांनीही. दर वेळी लागलं. माझ्या मांजरांना ते कुणी विचारू नये. सबब, मालिकेचे सर्व हक्क अनिकाला, आणि मांजरं कधीही परत पाठवायची नाहीत.

४. चित्रं काढायचा टॅबलेट आणि माइक अनिकाला. आम्ही क्लोजेटमध्ये माझ्या रेशमी साड्यांच्या मधे बसून रेकॉर्डिंग करतो. तिथे आवाज घुमत नाही. त्यामुळे साड्या कुणाला वाटून टाकू नयेत, लटकत्या ठेवाव्यात.

५. सुभेदाराचा आवाज आजवर माझा. यापुढे तो अनिकाने द्यावा. कंप्युटरकडून माझ्या आवाजाची नक्कल करवून घेऊ नये.

हे सांगितलं तर ती रडवेली झाली. "आजी, माझं मराठी सो बॅड आहे. सगळे हसतील."

"अगं, तो दुसऱ्या ग्रहावरून आलाय," मी म्हटलं. "माझ्यासारखं सदाशिव पेठी बोलायला तो शिकला कुठे?"

काल ती साड्यांमध्ये बसली आणि अडखळत सुभेदाराचं वाक्य म्हणाली, "काकू, मी इथे बसू? आय मीन... राहू?"

मी ते दुरुस्त केलं नाही. पुढेही कुणी करू नये.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: पद्मिनी सरपोतदार
साक्षीदार: नकुल देवस्थळी, प्रीता आगरकर (दोघेही शेजारी)
स्थळ: मॉरिसव्हिल
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५