ओट्याजवळची घंटा

६ मे २०२४, सोमवार

कुरडया गेल्या! परसात दोन चादरी भरून घातल्या होत्या, मालगाडी त्यांच्यातून आरपार. आणि चूक माझी म्हणे! ‘रुळापासून हातभर सोडून वाळवण घालायचं, कितीदा सांगितलं.’ अहो, या परसात रूळ नाही अशी हातभर जागा दाखवा तरी. कढीपत्त्याला वळसा, हौदाला वळसा, कडुनिंबाच्या बुंध्याला वळसा, शेवटी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून परत ओसरीकडे. पितळी रूळ, सागाचे स्लीपर, चाळणीने चाळलेली खडी. लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात जातात. आमचे स्टेशन मास्तर रेल्वे घरी घेऊन आले.

आणि मला नोकरीला लावलं. यांचं स्टेशन खांडबारा, मागच्या ओसरीवर. माझं चिंचपाडा, खिडकीखाली. दोन्हीकडे घंटा, माझी ओट्याजवळ, मध्ये वायर. यांनी घंटा दिली की मी हातातलं टाकून उत्तर द्यायचं – लाइन क्लिअर. मग गाडी सुटते. ती माझ्या फलाटाला लागली की मी पोचल्याची घंटा द्यायची. ती मिळेपर्यंत दुसरी गाडी हलत नाही. ‘दोन स्टेशनं, दोन माणसं. एकानेच दोन्ही बाजू सांभाळल्या की टक्कर झालीच.’ माझ्या घंटेचं बटण कणकेने माखलेलं असतं. दिवसभर हेच.

८ मे

ऊन भयंकर. रूळ तापून वाकला, गाड्या बंद. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला!

११ मे

जमना वळवीचा फोन. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी तिचं मराठी तपासायची, ती माझी गणितं सोडवायची. खापरला ती मुलींचं वसतिगृह चालवते, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुली. तिथल्या रेक्टरबाई सोडून गेल्या.

‘तू ये. वर्षभर तरी ये. प्रेमळ बाया खूप आल्या नि गेल्या गं. मला तुझ्यासारखी खवीस हवी.’

म्हटलं, घर आहे.

‘घर का स्टेशन? बीएस्सी झालेली बाई खेळण्यातल्या गाडीला झेंडा दाखवते!’

फोन आपटला. मग जाणवलं – रागावले, पण नाही म्हटलं नाही. शाळा उघडायच्या आत तिला उत्तर हवंय.

१२ मे

जागृतीला विचारलं. पोटची पोर, वापीला राहते, वर्षातून दोनदा येते. म्हणाली, ‘आई, बाबांना एकटं ठेवणार? सारंगखेड्याचं विसरलीस?’

विसरेन कशी! तीन वर्षांपूर्वी एक दिवस घोड्यांची यात्रा बघायला गेले. परत आले तर हे थंडीत ओसरीवर बसलेले, शाल नाही, दुपारचं ताट झाकलेलं तसंच. ‘उत्तर द्यायला कोणी नव्हतं.’ तेव्हापासून मी बाहेर पडते ती भाजीपुरती. कैद्यालाही पॅरोल असतो.

१५ मे

यांना सांगायचं ठरवलं. घंटा वाजली. राहिलं.

१७ मे

यांनी माझ्या स्टेशनला नवा सिग्नल केला. टिनचा लाल हात, तारेने खाली-वर होतो. मान्य करते, अगदी हुबेहूब. नव्या लग्नात आम्ही राहायचो त्या क्वार्टरच्या खिडकीतून असाच दिसायचा. पुढे ते स्टेशन बंद झालं, तेव्हा हे स्वतः शिडीवर चढले आणि सिग्नलच्या हातावर दोन पट्ट्यांची फुली ठोकली. फुली असली की ड्रायव्हरने तो सिग्नल मानायचा नाही, थेट पुढे जायचं. खाली उतरले तेव्हा डोळे लाल. ‘रंगाचे पोपडे गेले डोळ्यात,’ म्हणाले. मी पाणी दिलं.

२२ मे

खापरला जाऊन आले! परतीच्या एस.टी.त लिहिते आहे. जमनाकडे जाते एवढंच सांगितलं. ‘सकाळची पॅसेंजर घेतो, मग बंद ठेवतो,’ हे कबूल झाले. गाडी माझ्या फलाटाला लागली आणि मी पिशवी उचलून धावले. एस.टी. कोणासाठी थांबत नाही.

वसतिगृहात सुटीमुळे तीनच मुली. मला पाहून एक दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली, त्यांच्या बोलीत. ‘मोठ्याने बोल,’ म्हटलं. जमनाने हसत अर्थ सांगितला: ही नवी बाई मारेल का? मुलीला म्हटलं, मारणार नाही, पण केस असे पिंजारलेले चालणार नाहीत. तिने लगेच वेणी घातली. तिरकी. सोडून नीट घालून दिली.

रेक्टरची खोली लहान. एक खाट, एक खिडकी, समोर डोंगर. व्हरांड्यात घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला – इथेही रूळ! ठोकून पाहिला. पार विहिरीपर्यंत आवाज गेला. तिथे घंटा मी वाजवायची, उठायचं दुसऱ्यांनी.

जमनाला म्हटलं, येते.

२३ मे

काल घरी पोचले तर दारातच शेजारची गजराबाई. ‘सकायपाईन हाका मारस व बाई, मास्तर उठतच नईत. म्हनतस, गाडी पोचनी नई. आते गाडी ते तठे उभी शे ना?’

पोचल्याची घंटा! ती द्यायचीच राहिली होती.

हे ओसरीवर, उन्हं अंगावर, ओठ कोरडे पडलेले. हाताला धरून उठवलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. आज बरे आहेत. मी मात्र दवाखान्यातच आवाज चढवला. गाडी डोळ्यांसमोर, फलाटावर उभी होती! दिसत नव्हती का?

‘डोयाघाई देखीसन लाइन मोकयी होत नई,’ हे पडल्यापडल्या. म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही, घंटाच हवी!

नर्स हसली. मला हसू आलं नाही.

२६ मे

सगळं सांगून टाकलं. जमना, वसतिगृह, खोली, मुली. भाकरी थापत सांगितलं, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही.

‘किती दिन?’

सालभर.

‘बरं.’

बस्स, एवढंच! एका शब्दात काय समजायचं माणसाने? थोड्या वेळाने नेहमीसारखी घंटा आली. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. पुन्हा आली नाही. खिडकीतून पाहिलं – गाड्या चालवायचा कंट्रोलर मांडीवर ठेवून बसलेले, नजर माझ्या सिग्नलवर. सिग्नल लाल. हा माणूस लाल सिग्नल ओलांडणार नाही. जीव गेला तरी.

शेवटी मीच गेले आणि उत्तर दिलं.

२८ मे

जमनाला नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, ‘दहा तारखेपर्यंत जागा कुणाला देत नाही. तुझ्यासाठी नव्हे, दुसरी कुणी मिळत नाही म्हणून.’ खोटारडी.

३१ मे

वारा सुटला, रुळांवर निंबोळ्यांचा खच. हे दिवसभर ओसरीवर कुंचा घेऊन. घंटा एकदाही नाही. विचारलं, गाड्या? ‘काम शे.’ रुसवा असेल. असू दे! मलाही रुसता येतं.

३ जून, सोमवार

सकाळी भाजी फोडणीला घातली आणि खिडकीखालून पॅसेंजर गेली. घंटा नाही, लाइन क्लिअर नाही. माझ्या फलाटाला थांबली नाही. सरळ पुढे. मागून मालगाडी, तीही तशीच. गॅस बंद करून बाहेर आले. माझ्या सिग्नलच्या हातावर काडेपेटीच्या दोन काड्यांची फुली चिकटवलेली. चिंचपाडा बंद. खांडबाऱ्याहून सुटलेली गाडी आता थेट खांडबाऱ्याला.

दोन काड्या! तीन वर्षं मी परसात अडकून पडले, आणि लागल्या असत्या दोन काड्या. यांना ठाऊक होतं. ठाऊक मलाही होतं.

जमनाला फोन केला. बॅग भरली. गोळ्यांचे डबे लावून दिले, जेवणाचं गजराबाईला सांगितलं. हे ओसरीवर, पाठ माझ्याकडे. डोळे दिसले नाहीत.

निघण्याआधी ओट्याजवळची घंटा एकदा दिली. ओसरीवर ऐकू गेलीच असणार.

उत्तर आलं नाही.