वहीतला ‘ता.’

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बोर्डीच्या कुसुमताईंचा फोन. मंडळाला मे महिन्यात बारा हजार दिले, त्या. खजिनदार म्हणून मलाच करतात. रेंज तुटत होती.

“जयरामभाऊ, झालं का ते काम?” म्हटलं, झालं ताई, जुलैतच. “आवाज कसा आहे?” म्हटलं, वारा भरला की फार येतो, अभ्यासिकेतल्या पोरांना दुसरं काही ऐकूच येत नाही. त्या एकदम खूश. “मग मी येतेच ऐकायला. दसरा होऊ दे.”

छपरावरची ताडपत्री ऐकायला बोर्डीहून गंजाडला कोण येतं? दिवसभर तेच डोक्यात. हिला सांगितलं. ही म्हणाली, “म्हातारपणी माणसाला काहीही ऐकावंसं वाटतं. तुम्ही नाही का रेडिओची खरखर ऐकत बसत.”

मला काही बरं वाटत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

पासबुकाचं प्लास्टिकचं कव्हर झटकलं. बसची तिकिटं, दोन पावत्या आणि कुसुमताईंची चिठ्ठी, चार घड्या घातलेली. मे महिन्यात पैशांबरोबर दिलेली. तेव्हा पैसे मोजले, चिठ्ठी नुसती चाळली.

“गंजाडच्या मुलामुलींसाठी धावजीकडून दोन तारपे करून घ्यावेत व त्यानेच वाजवायला शिकवावे. यासाठीच रु. १२,०००.”

यासाठीच. ‘च’च्या खाली रेघ.

वहीत माझ्या हातचं : कु.ताई – ता. – १२,०००.

चाळीस वर्षं चिकूच्या वखारीत पेट्यांवर खडूने असंच लिहिलं. का. म्हणजे कालीपत्ती, मो. म्हणजे मोठा, बा. म्हणजे बारीक. एक पेटी चुकली नाही. मंडळाच्या वहीतही तीच सवय. कुणी कशासाठी पैसे दिले त्याचं एक अक्षर. शि. शिवणयंत्र, सा. सायकलदुरुस्ती. जुलैत अभ्यासिकेचे पत्रे गळायला लागले. मंडळाची सचिव संगीता म्हणाली, काका, कशात पैसे आहेत? वही उघडली तर ता. मीच मोठ्याने म्हणालो, बघा, ताईंना आधीच कळलं होतं! मे महिन्यात दिलेले पैसे, पावसाच्या तोंडावर. ताडपत्रीच वाटणार ना माणसाला. ताडपत्री, दोर, बांबू, मजुरी मिळून ११,४००. उरले ६००.

सातवी नापास माणसाला खजिनदार करू नये.

५ सप्टेंबर, शुक्रवार

संगीता गावच्या शाळेत शिकवते. आज शिक्षक दिन, मुलंच शिकवत होती, म्हणून तिला वेळ होता. चिठ्ठी दाखवली. आधी पोट धरून हसली. मग माझ्याकडे बघून चिठ्ठीची घडी घातली.

“काका, शि. मध्ये चौदा हजार पडून आहेत. यंत्र दिवाळीनंतर घ्यायचंय. तोवर त्यातून तारपे करू. मागाहून भरू. कुणाला कळणार?”

घरी चालत येताना पटलं. घरी पोचलो तर नाही. शिवणयंत्राचे पैसे ज्या बाईंनी दिले त्यांची चिठ्ठी काढून पाहिली. “शिवणयंत्रासाठी.” तिथे ‘च’ नाही. पण म्हणून काय.

संध्याकाळी संगीताला ‘नको’ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “मग एकच रस्ता. ताईंनी लिहून द्यायला पाहिजे की ताडपत्रीचा खर्च मान्य आहे. त्यांच्या लेखीशिवाय ते पैसे दुसऱ्या कामाला लावता येत नाहीत.”

लावले आहेत.

हिला विचारलं, माझ्या बचतीतून भरू का. “भरा की. दर महिन्याला एक चूक करा, मंडळाची इमारत उभी राहील.”

८ सप्टेंबर, सोमवार

जीपने तलासरीकडे, धावजीच्या पाड्यावर. ताईंनी त्याला मे महिन्यातच सांगून ठेवलेलं. चुलीच्या वर दोन सुके भोपळे टांगलेले, लांब मानेचे, धुराने तांबूस झालेले. तारपा यातूनच व्हायचा. म्हणाला, मुंबईचं कुणी गिऱ्हाईक तीनदा येऊन गेलं, हॉटेलच्या भिंतीला टांगायला तारपे पाहिजेत. “मी सांगितलं, मंडळाचा शब्द आहे. तुम्ही काय आला नाही.”

सगळं सांगितलं. तंबाखू मळत ऐकत होता. मळून झाली, तोंडात टाकली, मग म्हणाला, “तर मग ताडपत्रीच फुंकून बघ. वाजली तर सांग, मी तुझ्याकडे शिकायला येतो.”

आत त्याची सून हसली. मलाही हसू आलं, तेव्हा यायला नको होतं.

उरलेले सहाशे पुढे केले. हे तरी ता.चेच आहेत. बराच वेळ त्याने हात लावला नाही. मग घेतले. “सांधे बुजवायच्या मेणाला होतील. बांबू माझा. एक करतो. पण राहील माझ्याकडे. ताई एकावर हो म्हणाल्या तर तुमच्या पोरांचा, आणि शिकवीन पण. नाही तर हॉटेलात टांगू दे.”

पावतीवर ‘तारपा’ असं पूर्ण लिहिलं. तीन अक्षरं.

११ सप्टेंबर, गुरुवार

बोर्डीला गेलो. डहाणूला बस बदलली. अर्धं तिकीट, पैसे माझे. ताईंच्या वाडीच्या फाटकापर्यंत पोचलो. आत कुणी नारळ सोलत होतं. पायरीवर ताईंच्या चपला दिसल्या.

परत आलो. हिला सांगितलं, ताई घरी नव्हत्या.

रोजनिशीत खोटं नको म्हणून लिहितो : होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

आज सांगितलं. चिठ्ठी आणि वही दोन्ही पुढे ठेवली.

ताई म्हणाल्या, “मग फोनवर आवाज कसला सांगत होतात?”

“ताडपत्रीचा.”

हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. बाहेर बघत म्हणाल्या, “लग्न होऊन आले त्या साली वाडीमागच्या पाड्यावरून आवाज आला. मला वाटलं कुणी जनावर ओरडतंय. रडायला लागले. हे म्हणाले, चल, दाखवतो. अंगणात धावजी वाजवत होता, तेव्हा काळे केस होते त्याचे. पोरं, बायका, सगळी त्याच्याभोवती गोल नाचत होती. दोन वर्षं झाली, तो आवाज नाही. त्याच्या पाड्यावरची पोरंही आता स्पीकर लावतात.” मग माझ्याकडे वळून, “पैशाचं काही नाही हो. मी काय लिहिलं ते तुम्ही वाचलंच नाहीत.”

मी चिठ्ठी पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचली.

मग ताईंनी वही ओढून घेतली. “हे शि. काय? सा.? आणि ही कु.ताई? उद्या मी नसले, तुम्ही नसलात, तर ही कु. कोण ते कुणाला कळणार?”

भीत भीत विचारलं, ताडपत्रीच्या खर्चाला मान्यता म्हणून एक ओळ… “दसऱ्यानंतर येणार म्हटलंय ना? येते. तेव्हा काय ते लिहीन.”

चहा दिला. ही विचारते, आलं होतं का चहात? होतं. “मग रागावल्या नाहीत. रागावलेली बाई आलं किसत बसत नाही.”

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. नवी वही आणली, माझ्या पैशाने. सगळं पूर्ण शब्दांत उतरवतोय. शिवणयंत्र. सायकलदुरुस्ती. कुसुमताई, बोर्डी.

एका ठिकाणी ‘र. – ५००’ आहे. रंग? रजिस्टर? रताळी तर नाही? आठवत नाही. पावतीवर पण र. संगीताला फोन केला. ती म्हणाली, “काका, जेवलात का? आधी जेवा.”

५ ऑक्टोबर, रविवार

ताई आल्या. रिक्षाने, एकट्या. बारीक पाऊस होता. अभ्यासिकेत अकरा मुलंमुली, संगीता, मी. धावजी तारपा घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. एकच. पण काय केलाय! ताडाच्या पानांचा कर्णा पुढे वळवलेला, भोपळा चकचकीत.

वाजवायला लागला आणि वर वारा भरून ताडपत्रीही फडफडायला लागली. मला मेल्यासारखं झालं. धावजीने वर पाहिलं, वाजवणं न थांबवता डोळा घातला.

ताईंनी डोळे मिटले होते. रडत होत्या की नाही, सांगता येत नाही.

मग पोरांनी फुंकून पाहिलं. नुसती हवा. धावजी : “अरे, चूल फुंकतोस का? श्वास नाकाने घ्यायचा, गालातून सोडायचा, मध्ये थांबायचं नाही.” मनीषा म्हणून दहावीची आहे, तिचा एक स्वर लागला. अगदी लहान. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तीच घाबरून हसायला लागली.

निघताना ताईंनी वही मागितली. नवी दिली. “जुनी द्या,” म्हणाल्या. माझ्या त्या ओळीच्या खाली लिहिलं, सही केली, वही मिटून दिली, रिक्षात बसल्या. रिक्षा वळल्यावर उघडली.

“ता. साठीचा खर्च मंजूर. – कु.”

संगीता हसून हसून बाकावर बसली. म्हणते दोन्हीचा मंजूर. मला तसं वाटत नाही. ताडपत्रीचा मंजूर, म्हणजे तारपा गेला? की तारप्याचाच मंजूर, म्हणजे ११,४०० मी भरायचे? की चिडून लिहिलं?

धावजी तारपा गुंडाळत विचारत होता, “काय लिहिलंय? ठेवू का नेऊ?”

वाचून दाखवलं. म्हणाला, “तुम्ही शिकलेली माणसं.” तारपा घेऊन गेला. पण फाटकाशी थांबून मनीषाला काहीतरी दाखवत होता, गाल फुगवून.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोन दोनदा हातात घेतला. रेंज तुटली तर पुन्हा भलतंच व्हायचं. लेखीच बरं.

ही म्हणते, “विचारू नका. त्यांनी तुम्हाला तुमच्याच अक्षरात उत्तर दिलंय, कळत नाही का?” कळत नाही म्हणून तर विचारायचं. दुपारी मनीषा येऊन गेली. धावजीबाबा कधी येणार, विचारत होती.

चांगला कागद घेतला. पूर्ण शब्दांत लिहितोय.

‘आदरणीय कुसुमताईंना जयरामचा नमस्कार. आपण वहीत लिहिलेला ता. म्हणजे ताडपत्री, तारपा की दोन्ही, ते कृपया पूर्ण शब्दांत कळवावे.’