न ढवळलेली विहीर

बाबा, तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी रिटायर झाले त्यालाही आता बरेच दिवस झाले. जन्मभर मी नेमकं काय काम केलं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. नातेवाईक विचारत तेव्हा ‘समुद्राचं पाणी तपासते’ एवढंच म्हणायची. मायला शेवटपर्यंत वाटायचं, लेक तिकडेही तुमच्यासारखी पाण्यात पावडरच टाकते.

काम असं होतं. ध्रुवाकडचं थंड, जड पाणी समुद्राच्या तळाशी जातं आणि तिथून जगभर पसरतं. खाली जाणं सोपं, वर येणं महाकठीण. पाणी नुसतं आपल्या आपण हलेल म्हणून सोडलं तर वरची ऊब खाली पोचता पोचत नाही, तळ थंड पाण्यानं भरून जाईल आणि सगळा फेराच थांबेल. पण भरती-ओहोटीचं पाणी तळाच्या डोंगरांवर आपटतं, आत खोलवर लाटा उठतात, फुटतात, त्यांचे भोवरे होतात. त्या घुसळणीनं ऊब खाली जाते, तळाचं पाणी हलकं होतं आणि हळूहळू वर येतं. शेकडो वर्षं लागतात, कुठे हजार. आम्ही जहाजावरून एक यंत्र खाली सोडायचो, ते पाण्याची बारीक थरथर टिपायचं. बऱ्याच ठिकाणी थरथर जवळजवळ नसायचीच, कागदावर सपाट रेघ यायची. बरोबरची माणसं जांभया द्यायची. मला त्या रेघेकडे बघवायचं नाही. का, ते त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

केनवडच्या बाजाराला पायी जाता येईल असं आपलं गाव. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झालेली, मी अकोल्याच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुटीत आलेली. विहिरींत जंतू मारायची पावडर टाकायची तुमची सरकारी नोकरी. आपल्या वस्तीची विहीर तुम्ही स्वतः ढवळायचात. गावच्या विहिरीचं तसं नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वीस वर्षं होत आली तरी तिच्या काठावर तुम्हाला चढू देत नव्हते. पावडर तुमच्या हातची चालायची, दोर तुमच्या हातात चालायचा नाही. म्हणून तुम्ही खालीच पावडर कालवायचात, बादली काठाशी ठेवून बाजूला व्हायचात आणि पाणी भरायला आलेल्या माणसाला हात जोडायचात.

“दादा, बादली पार तळाले जाऊ द्या, अन् तीस-चाळीस डाव खालवर करा. नाही त औषद वरच राह्यते.”

“आमाले दुसरे कामं नाहीत काय बे?”

तुम्ही पुन्हा हात जोडायचात. कधी अर्धा तास जायचा. शेवटी कोणीतरी ढवळायचं, तुमची कटकट नको म्हणून.

त्या सुटीत मी तुम्हाला बाजूला घेतलं. “बाबा, काहून विनवन्या करून राह्यले तुमी? औषद पान्यात आपोआप पसरते. त्याचे कण हालतच राह्यतात. आमच्या पुस्तकात हाये.”

“आपोआप?”

“हो.”

“मंग इतले वर्सं मी लोकायले फुकटच तरास देल्ला.” तुम्ही हसलात. केवढे मोकळे हसलात. तुम्ही चौथी शिकलेले, छापलेल्या अक्षरापुढे तुमचं काही म्हणणं नसायचं. त्या दिवशी तुम्ही “नुसतं ओतून द्या” एवढंच सांगितलंत आणि सायकलीवर टांग टाकलीत.

पंधरा दिवसांत हगवण-उलट्यांची साथ आली. तीन माणसं गेली. आपली विहीर आटली की गावच्या विहिरीवर मायच्या घागरीत वरून पाणी ओतणारी एक बाई त्यांत होती. अंतर राखून ओतायची, पण ओतताना माझ्या शिक्षणाची चौकशी करायची. तुमचे मोठे डॉक्टर जीप घेऊन आले. त्यांनी विचारलं, पावडर टाकली, मग विहीर ढवळली का नाही?

“साहेब, सांगाचं राहून गेलं माह्याकडून.”

तुम्हाला काठावर चढू देत नाहीत हेही तुम्ही बोलला नाहीत. मी दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही. रात्री माय चिडून म्हणाली, “असे कसे इसरले तुमी?” तुम्ही म्हणालात, “इसरलो.” मग माझ्याकडे वळलात, “तुही सुटी संपत आली ना? जाय, अभ्यास कर.” पुढे तुमची नोकरी गेली, आणि चार वर्षांत तुम्हीही गेलात. तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. काढायला हवा होता, बाबा. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

ती विहीर आता कचऱ्यानं बुजली. नळ आलेत. नळावरही दोन रांगा लागतात असं भाचा सांगतो. समुद्राला घुसळायला निदान भरती तरी आहे. गावाचं काय होणार, मला ठाऊक नाही, आणि आता काही होईल असं वाटतही नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, भाच्यालाही नाही. पण एक लिहून ठेवते. पुस्तक चुकलं नव्हतं, औषध आपोआप पसरतंच, पण त्याला महिने लागतात; आणि मीही अजाणता बोलले नव्हते. ढवळावं लागतं हे मला पक्कं माहीत होतं, आपल्या वस्तीची विहीर मी तुमच्याबरोबर कितीदा ढवळली होती. कॉलेजातली माझी एक मैत्रीण तेव्हा दोन दिवस आपल्याकडे राहायला आली होती, आठवते? मी तुम्हाला बाजूला घेतलं त्या सकाळी ती माझ्याबरोबर विहिरीपाशी आली होती. तुम्ही कोणापुढे हात जोडलेले तिनं बघू नयेत, एवढंच मला हवं होतं.