शर्टाचा वास

पांढुर्णा, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज पुन्हा दूध लागलं. मी गॅसजवळच उभी होती, तरी मला वासच आला नाही. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "अवं, दूध लागलं नं!"

झोप तर हे गेल्यापासूनच मोडली, आता नाकही गेलं. का नाक गेलं म्हणून उरलीसुरली झोप गेली? काही समजून नाही राहिलं.

ह्यांचे सगळे कपडे तेव्हाच जाम नदीत सोडले. रीतच आहे. एक शर्ट मी लपवला, संत्रा तोडायला जाताना घालायचे तो. उशीखाली ठेवला की सालीचा कडवट वास यायचा अन् घडीभर डोळा लागायचा. आता त्यालाही वास नाही. म्हणून आज रागात बोलून गेली, "तुम्हीच धुतला नं ह्यांचा शर्ट?"

सासूबाईंनी दुधाचा गंज खाली ठेवला. "कोणता शर्ट?"

काय करून बसली मी! आणून द्यावाच लागला. वाटलं, आता नदीवर पाठवतील. त्यांनी तो नाकाशी धरला, अन् धरूनच राहिल्या.

"कोणी नाही धुतला वं. संत्र्याचा वास येऊन राहिला. अन् बिडीचा."

बिडीचा! तो तर मी विसरलीच होती. पुन्हा हुंगून पाहिला. काहीच नाही.

पोरगा गेल्यापासून म्हातारीही रात्रभर कूस बदलते, मला ऐकू येते. आज शर्ट छातीशी धरून बाजेवर पडली, अन् दिवेलागणीलाच घोरून राहिली.

शर्टासाठी कशी उठवू तिला?