शाई वाळतेय

नकटे,

आपलं भांडण झालं आणि त्या तिरमिरीत मी कॉलेजच सोडलं. आता मामाच्या छापखान्यात असतो. तुझ्यासाठी पंख्यासारखं उलगडणारं घड्यांचं पुस्तक केलंय. एका पानावर तुझी खिडकी, समोरच्यावर माझी सायकल. दोन्ही चित्रं लाकडात कोरून छापली. शेवटी, 'बोलशील का पुन्हा?' पुठ्ठेही चिकटवले, पण मला कुठला धीर! शाई ओली असतानाच मिटलं, नि तुझ्या खिडकीत माझी सायकल पुसट उमटली.

"भाच्या, शाईला वाळू द्यावं, डोक्याला निवू द्यावं. दुसरं कर," मामा म्हणाला.

मी नाही केलं. हेच आवडलं.

मामा रोज विचारतो, "पाठवलंस का रे?"

"शाई वाळतेय."

आज त्याने पानावरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट मला नुसतं दाखवलं.

अजून तुझाच,
तापटराव