ताईंच्या हाताचा गुण

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ताई,

आज सकाळी नेहमीप्रमाणे चष्म्याचं दुकान उघडलं. गिऱ्हाईक बेताचंच होतं. एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, तो कसून दिला. मालकांकडे शनिवारची सुट्टी मागितली, त्यांनी कारण विचारलं नाही. घरी येऊन कपडे भिजवले आणि लिहायला बसले. फोनवर मला हे बोलता येणार नाही. तुमचा आवाज थेट यांच्यासारखा आहे. तुम्ही 'बोल गं' म्हणालात की माझं निम्मं बोलणं तिथंच संपतं.

शिकायला तुमच्याकडे ठेवलेल्या बारकीनं परवा फोनवर सहज सांगितलं की परीक्षेच्या आधीपासून तिचं तोंड आलंय. मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, आत्या लावते ना मलम. तिनं लावलं की झोंबतच नाही." मग फोन तुम्ही घेतलात. जीवाला घोर लावून घेऊ नकोस म्हणालात, आणि शेवटी, "माझ्या हाताला गुण आहे, तुला काय नवीन सांगायचं?" नवीन काहीच नाही, ताई. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तेच ऐकतेय.

पहिल्याच वर्षी यांचं तोंड आलं तेव्हा मी हौसेनं मलम आणून बोटानं चोळलं. त्याचा रवा रवा झाला. हे थुंकले आणि म्हणाले, "तू चोळतेस, ताई टेकवते." रविवारी हे बस धरून तुमच्याकडे आले. तोंडाला मलम लावायला तासभर बसनं जाणारा माणूस दुसरा कुठे असेल तर मला दाखवा. एकदा मीही सोबत आले होते, तुम्हाला आठवत नसेल. तुमच्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत हे मान मागे टाकून, लहान पोरासारखा आ करून बसले. तुम्ही हात धुतलेत, ओठ बाजूला धरून कापसानं जागा कोरडी केलीत, मोहरीएवढं मलम बोटाच्या टोकावर घेऊन नुसतं टेकवलंत. वर पातळ पापुद्रा धरला. अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणून तुम्ही दटावलंत आणि हे तो अर्धा तास तिथंच बसून राहिले. तुम्ही शिवत होतात, हे बघत होते. दोघंही गप्प. घरी माझ्याजवळ दहा मिनिटं गप्प बसायची वेळ आली की यांना बाहेर काहीतरी काम निघायचं.

मी तुमचं बघून शिकले. पुढच्या खेपेला कापूस, मोहरीएवढं मलम, टेकवणं, सगळं तसंच केलं. यांनी आरशात बघून 'जमलं की तुला' म्हटलं. आणि रविवारी हे परत तुमच्याकडेच आले. तेव्हा मला कळलं की प्रश्न मलमाचा नव्हता. त्यानंतर मी यांच्या तोंडात बोट घातलं नाही, यांनीही आ केला नाही. इतर दिवशी स्वतःच आरशासमोर उभे राहून लावायचे.

जिभेच्या कडेचा तो शेवटचा फोड फारसा दुखत नव्हता, पण जातही नव्हता. दाखवा म्हटलं की म्हणायचे, ताईनं बघितलंय. अख्खा उन्हाळा तुम्ही दर रविवारी टेकवत राहिलात. मग यांना गिळता येईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो आणि कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, साधे फोड आठ-दहा दिवसांत आपोआप जातात, मलम फक्त आग कमी करतं. दोन आठवड्यांत जो फोड जात नाही, त्यावर मलम लावत बसायचं नसतं, तो दाखवायचा असतो. ताई, खरं सांगते, त्या खोलीत, तशा वेळी, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं तुमच्या हातानं काहीच बरं झालं नव्हतं. फोड आपले आपण जात होते आणि नाव तुमचं होत होतं. बाकीचं मला नंतर, जिना उतरताना समजलं.

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी कधीच म्हणणार नाही. तुमचा तो एकुलता एक भाऊ होता. पण दवाखान्यात मी नळीनं यांना दूध घालायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे, तेव्हा यांचे डोळे छताकडे असायचे. तुम्ही दारात दिसलात आणि यांनी, जबडा हलत नव्हता तरी, तोंड उघडायचा प्रयत्न केला. तुम्ही रडत बाहेर गेलात. मी तिथंच होते, मी पाहिलं. माणूस गेला तरी मला त्याचं दुःख आधी होत नाही, हे आधी आठवतं.

बारकीचा फोड साधाच असेल. तिच्या वयात असतो, आणि तिला तो बापाकडूनच आलाय. पण परीक्षा होऊन दोन आठवडे उलटले आणि जागा तीच आहे, असं ती म्हणाली. मी तिथल्या दातांच्या डॉक्टरांची शनिवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. पत्र कुरियरनं उद्या मिळेल. शनिवारी पहिल्या बसनं येते. त्या सकाळी तिला मलम लावू नका, जागा स्वच्छ दिसायला हवी. आणि ताई, तुम्ही घरीच थांबा. ती आ करेल तेव्हा शेजारी मी उभी असेन. राग आला तर येऊ द्या, पण एवढं मला द्या.

कपडे कधीचे भिजलेत. ते पिळून वाळत घालते.

तुमचीच,
वहिनी